ओंडके, दोर आणि मागून येणारा

पेण हे गणपतीचे गाव, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पावसाळ्याच्या तोंडापासून कारखान्यांसमोर टेम्पो आणि ट्रक उभे राहू लागतात. हौद्यात भाताच्या पेंढ्याचा जाड थर पसरतात, मूर्ती एकमेकींना घासू नयेत म्हणून मधल्या फटींत पेंढा ठासतात, आणि मग कुठे गाडी हलते. माझ्यासारखा माणूसही ते काम पाहत उभा राहतो. मूर्तीला एक धक्का बसला की बोट तुटते, आणि बोट तुटलेला गणपती कोणी घरी नेत नाही. नुकसान थेट कारखानदाराचे. म्हणून काळजीही पुरेपूर.

त्याच रस्त्यावरून, वडखळच्या नाक्यावरून, लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक किंवा उघडा ट्रेलर जातो. ओंडका रस्त्यावर पडला तर त्याला काही होत नाही. त्याचा भावही उतरत नाही. उचलून पुन्हा गाडीवर चढवला की काम झाले. जे काही व्हायचे ते मागून येणाऱ्याचे होते. आज मला या भार बांधण्याच्या विद्येबद्दल, तिच्या इतिहासाबद्दल बोलायचे आहे. आमच्या जिल्ह्यात इतिहास म्हटला की लोक मान वर करून गडाकडे पाहतात. ते योग्यच आहे. पण गडाच्या दरवाजाला लागलेली तुळई कोणीतरी कुठूनतरी दोराने आवळून आणलीच असेल ना?

लाकडाचा विचार मराठी राज्याने फार बारकाईने केला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड कसे तोडावे, याची स्पष्ट ताकीद आहे. सागवानासारखे लाकूड हुजुरची परवानगी घेऊन तोडावे. आंबा आणि फणस ही झाडे मात्र रयतेने लेकरासारखी वाढवलेली असतात, त्यांना बळजबरीने हात लावू नये, धन्याला राजी करून, मोल देऊनच ती घ्यावीत, असा त्याचा आशय आहे. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. राज्याला लाकूड हवे होते, पण त्या लाकडापायी तिसऱ्याच माणसाचे काय होईल, हा विचार हुकुमातच घालून ठेवला होता. आजच्या विषयाचे मूळ मी तिथे धरतो.

पुढे १८४० मध्ये आंग्र्यांचे कुलाबा संस्थान इंग्रजांनी खालसा केले, १८६९ मध्ये कुलाबा जिल्हा झाला, आणि १९८१ मध्ये त्याचे नाव रायगड झाले. या सबंध काळात पेण आणि रोहा या दोन गावांचा लाकडाशी संबंध पाण्यामुळे आला. पेणला भोगावतीच्या खाडीवर अंतोऱ्याचे बंदर. नागोठण्याला अंबा नदी. रोह्याला कुंडलिका, नदीच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी. भरतीचे पाणी आत येई तेव्हा मचवे वर येत, ओहोटीबरोबर खाली जात. मागे सह्याद्रीचा जंगलपट्टा; साग, ऐन, किंजळ, खैर, शिवण. समोर मुंबई, तिला घरबांधणीचे लाकूड हवे, चुलीला जळण हवे, कोळसा हवा. जंगलातून बैलगाडीने बंदरापर्यंत आणि बंदरातून मचव्याने मुंबईला, अशी ही वाट होती. मुंबईत दारूखान्याच्या बाजूला ‘लाकडी बंदर’ हे नाव अजून टिकून आहे.

घाटावर जाण्याची वाट वेगळी होती. बोरघाटातून गाडी जाईल असा रस्ता १८३० मध्ये खुला झाला. त्याआधी माल जाई तो बैलांच्या पाठीवरून, वंजाऱ्यांच्या तांड्याबरोबर. बैलाच्या पाठीवर मीठ जाते, तांदूळ जातो. वीस फुटांची तुळई जात नाही. म्हणून लांब लाकडाने नेहमी पाण्याचीच वाट धरली. नागोठण्याचा जुना दगडी पूल ज्यांनी पाहिला असेल, त्यांना तेव्हाच्या गाडीवाटांचे माप सांगायला नको. चौलच्या काजी अलाउद्दीन यांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो बांधला. इतकी वर्षे उभा असलेला, पण अगदी अरुंद पूल. माणसे, घोडी, लादलेली जनावरे जावीत, या बेताने बांधलेला.

आता बांधणीकडे येऊ. गोल ओंडका हा स्वभावाने पळणारा जिन्नस आहे. पोते जिथे ठेवले तिथे बसते, ओंडका उतार शोधतो. गाडीवानाला हे पुस्तकातून शिकावे लागत नव्हते. दोन्ही बाजूंना खुंट ठोकायचे. जाड ओंडके खाली, बारीक वर. वरचा ओंडका खालच्या दोघांच्या मधल्या खाचेत बसला पाहिजे, आणि तो खुंटाच्या टोकाच्या वर जाता कामा नये. एकाचा बुंधा पुढे, तर शेजारच्याचा शेंडा पुढे, म्हणजे भार समतोल राहतो. मग दोर. दोर केवणीच्या सालीचा, घायपाताचा, नाहीतर काथ्याचा. दोर टाकून नुसता ओढून भागत नाही. त्यात दांडके घालून पीळ भरायचा आणि ते दांडके पुन्हा बांधून टाकायचे. आज ट्रेलरवर जे दातेरी पट्टे आवळतात, त्यांचे काम हेच. दांडक्याच्या जागी लोखंडी खटका आला, इतकेच.

दोराचाही स्वभाव असतो. काथ्या किंवा घायपाताचा दोर भिजला की आखडतो, वाळला की सैल पडतो. म्हणजे पावसात आवळलेली गाडी उन्हात उघडी पडली की गाठ तशीच दिसते, पण पकड गेलेली असते. नायलॉनचे उलटे, तो भिजला की थोडा ताणतो आणि त्याची ताकदही काही प्रमाणात घटते. ओल्या लाकडाची साल सुटते, आणि साल सुटली की दोर ज्याला धरून आहे तीच वस्तू हातातून निसटते. म्हणून एकदा बांधले आणि विसरलो, असे या कामात चालत नाही. पहिला उतार संपला की उतरायचे, दोरावर हात मारून पाहायचा, पुन्हा पीळ भरायचा.

मराठीत गाठींना दोन सुंदर नावे आहेत. निरगाठ आणि सुरगाठ. निरगाठ सुटत नाही, ती कापावी लागते. सुरगाठ एका टोकाला धरून ओढली की सुटते. भार बांधणाऱ्याला या दोन्हींच्या मधली गाठ लागते. रस्त्यात सुटू नये, आणि मुक्कामाला पोचल्यावर सोडता यावी. कवितेच्या धंद्यात आयुष्य काढले, तरी शब्दांचीही अशी नेमकी गाठ मला क्वचितच जमली आहे.

मचव्यावर ही विद्या आणखी कडक होई. आमच्या कोकणी मुसलमानांत तांडेल आणि खलाशी पुष्कळ झाले. लहानपणी अशा म्हाताऱ्या मंडळींच्या गप्पा मी ऐकल्या आहेत. त्यांच्या बोलण्यात भार हा शब्द सतत यायचा. जड लाकूड तळाशी, मधोमध. एका बाजूला कलता कामा नये. वाऱ्याने मचवा आडवा झाला तरी आतले लाकूड हलता कामा नये. कारण साधे होते. मचवा उलटला तर ज्याने भार लावला तोच आधी पाण्यात जाणार. बैलगाडीचेही तेच. गाडीवान लाकडावर बसलेला, नाहीतर चाकाशेजारून चालणारा. ओंडका सुटला तर पहिला पाय त्याचा, नाहीतर त्याच्या बैलाचा. बांधणारा आणि भोगणारा एकच होता.

इंग्रजी राजवटीत लाकडावर कायदा आला. १८६५, १८७८ आणि मग १९२७ चा भारतीय वन कायदा. हा शेवटचा आजही चालू आहे. त्यात लाकडाच्या वाहतुकीवर स्वतंत्र प्रकरण आहे. पास हवा, लाकडावर शिक्का हवा, नाक्यावर तपासणी हवी. गुन्ह्याचे लाकूड सापडले तर त्याबरोबर गाडी, होडी आणि बैलसुद्धा जप्त करता येतात. पुरात वाहत आलेल्या बेवारस ओंडक्याचाही विचार त्यात आहे. कोणी हक्क सिद्ध करेपर्यंत तो सरकारचा. या जंगल कायद्याच्या जाचाविरुद्ध २५ सप्टेंबर १९३० रोजी, पेणहून फार दूर नसलेल्या चिरनेरला सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, माणसे मारली गेली. तो इतिहास आपल्याला माहीत आहे. मला इथे फक्त एक गोष्ट नोंदवायची आहे. ओंडका कोणाचा, याची इतकी फिकीर करणाऱ्या त्या कायद्यात तो नीट बांधला आहे का, याची फिकीर नव्हती. लाकूड चोरीला जाऊ नये, यासाठी नाके होते. लाकडाने कोणाचा जीव घेऊ नये, यासाठी नाका नव्हता.

तेव्हा ते फारसे खुपले नसेल, कारण बैलगाडी सावकाश चालते. मग ट्रक आला. हिशोब करून पाहा. बैलगाडीचा वेग ताशी ४ किलोमीटर धरा, ट्रकचा ६०. वेग १५ पट झाला. पण धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच ओंडक्यात २२५ पट जोर आला. एक घनमीटर ओला साग सुमारे एक टनाचा भरतो. असे कित्येक घनमीटर एका गाडीवर असतात.

वेगाबरोबर आणखी एक बदल झाला, आणि तो माझ्या मते जास्त मोठा आहे. बांधणारा भारापासून सुटला. जंगलात तोडणारा कातकरी किंवा ठाकूर वेगळा, भरणारा हमाल वेगळा, गाडीचा मालक वेगळा, चालवणारा वेगळा, लाकडाचा व्यापारी वेगळा. १९४७ नंतर मुंबई राज्यात ठेकेदारांच्या जागी जंगल कामगारांच्या सहकारी संस्था उभ्या राहू लागल्या. १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. हमालाच्या पाठीवरच्या ओझ्याला दर मिळाला, हजेरी मिळाली, भविष्यनिर्वाह निधी मिळाला. या दोन्ही गोष्टींचा मला अभिमान आहे. पण उचलण्याचा दर ठरला, चढवण्याचा ठरला; आवळण्याला निराळा दर लावण्याची रीत काही पडली नाही. ज्या कामाचा दर नसतो ते काम घाईत होते, हे कोणत्याही बाजारात दिसते. गाडी भरली की हमाल दुसऱ्या गाडीकडे वळतो आणि दोर क्लीनरच्या हाती येतो. तो बहुधा पंधरा-सोळा वर्षांचा, धंद्यात नवा.

अशाच एका सैल दोराने माझ्या वर्गातल्या एका मुलाचा जीव घेतला. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो. तो सायकलवरून ट्रकच्या मागे चालला होता. चढावर वरचा एक ओंडका मागे सरकला आणि खाली आला, एवढेच. लोकांनी ट्रक थांबवला, ड्रायव्हरला मारले. ड्रायव्हर रडत होता. कोणीतरी ओंडका बाजूला लोटला. दोर कोणी बांधला होता, हे कोणी विचारले नाही आणि ते कोणाला माहीतही नव्हते. त्याच्या आईला मी पुढे अनेक वर्षे भेटत असे. तिच्या मनात ड्रायव्हरविषयी राग नव्हता. ती म्हणायची, ‘‘त्याने मागं वळून बघितलं असतं तर?’’

मागे वळून पाहणे, हाच खरे तर या विद्येचा गाभा आहे. जगात इतरत्र तो नियमात उतरला आहे. अमेरिकेत लाकडाचे मोठे भार लांबच लांब रस्त्यांवरून जातात. तिथे २००२ मध्ये भार बांधण्याचे सविस्तर नियम झाले. बांधणी अशी हवी, की अचानक ब्रेक लागला तर भाराच्या वजनाच्या ०.८ पट जोर पुढच्या दिशेने सोसला पाहिजे, आणि मागे व बाजूंना वजनाच्या निम्मा. ओंडक्यांसाठी वेगळा नियम, कापलेल्या लाकडाच्या गठ्ठ्यांसाठी वेगळा. आणि मला सर्वांत आवडलेला नियम असा, की निघाल्यावर पहिल्या ५० मैलांच्या आत ड्रायव्हरने उतरून बांधणी तपासायची, आणि पुढेही ठरावीक अंतराने तपासत राहायचे. आमचा गाडीवान पहिला उतार संपल्यावर जे करी, तेच हे.

आपल्याकडे नियम अगदीच नाहीत असे नाही. २०१४ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल करून सळया, ओंडके असा माल हौद्याच्या मागे बाहेर काढून नेण्याची सवलत बंद केली. २०१९ च्या दुरुस्तीने भार बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तर वीस हजार रुपये दंड आणि जादा माल उतरवण्याचा खर्च, अशी तरतूद केली. हे चांगले झाले. पण टेपने मोजता येते ते लांबी आणि उंची. दोर किती ताणला आहे, हे टेपने कळत नाही. त्यासाठी हात लावून पाहावे लागते.

दरम्यान लाकडाची वाटही बदलली. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातील आदेशाने देशभरच्या वृक्षतोडीला लगाम बसला. त्याआधी १९८९ मध्ये उरण तालुक्यात न्हावाशेवा बंदर सुरू झाले होते. आता परदेशी लाकूड बोटीने देशात येऊ लागले. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून न कापलेल्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. पूर्वी आमचे लाकूड खाडीतून बाहेर जात होते. आता परके लाकूड खाडीकडून आत येते. वाट उलटी झाली, रस्ता तोच राहिला. पनवेल ते इंदापूर चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. खड्ड्यांच्या रस्त्यावर प्रत्येक दणक्याला भार थोडा बसतो आणि दोर तेवढाच सैल होतो. त्याच रस्त्यावर ट्रेलरवरून पोलादाची गुंडाळी जाताना दिसते. ती तर ओंडक्यापेक्षाही जड आणि तितकीच गोल.

याच पट्ट्यात, रोहा तालुक्यातल्या कोलाडला, भार बांधण्याचा एक चांगला धडा रोज पाहायला मिळत आला आहे. कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ रोजी कोलाड ते गोव्यातील वेर्णे अशी ‘रोरो’ सेवा सुरू केली. भरलेला ट्रक सरळ सपाट वॅगनवर चढवायचा, चाकांना अडण्या लावायच्या, गाडी जागच्या जागी घट्ट करायची आणि रेल्वेने घाट, नद्या, बोगदे ओलांडायचे. ट्रकवर माल आहेच. आता मालासकट ट्रकच माल झाला. तिथे उंची मोजतात, बांधणी पाहतात, आणि मगच गाडी सुटते. एवढी काळजी का? कारण बोगद्यात एखादा ट्रक हलला तर रेल्वेची स्वतःची वाट बंद होईल. पेणच्या मूर्तिकाराचे कारण आणि रेल्वेचे कारण एकच आहे. नुकसान आपले आहे.

प्रश्न उरतो तो नुकसान परक्याचे असते तेव्हाचा. गणपतीची मूर्ती जपणारा, मचवा जपणारा, वॅगन जपणारा माणूस आपण पाहिला. सायकलवरून मागून येणाऱ्या पोराला जपणारा कुठे शोधायचा? आमच्याकडे लहानपणी शिकवतात की रस्त्यावरची इजा करणारी वस्तू उचलून बाजूला ठेवणे हाही इमानाचा एक हिस्सा आहे. मग जी वस्तू रस्त्यावर पडणार आहे, ती पडू न देणे हा तर त्याहून मोठा हिस्सा झाला. अमात्यांनी आंब्याफणसाबद्दल जे म्हटले, त्याचाही अर्थ वेगळा नाही. आपले काम करताना ज्याचा त्या कामाशी संबंध नाही, त्याला तोशीस लागू नये.

म्हणून माझे मागणे अगदी व्यवहारी आहे. लाकडाच्या बिलात हमाली असते, वाराई असते, भाडे असते. त्यात बांधणीची एक ओळ असू द्या. त्या कामाचे पैसे द्या, ते काम शिकलेल्या माणसाकडून करून घ्या, आणि कोणी बांधले त्याचे नाव पावतीवर लिहा. वनखात्याच्या पासावर लाकडाच्या मालकाचे नाव शंभराहून अधिक वर्षे लिहिले जात आहे. बांधणाऱ्याचेही एक नाव लिहायला जागा निघेल. वजनकाट्यावर आणि तपासणी नाक्यावर कागद पाहतात, तसा दोरालाही एकदा हात लावून पाहावा. आणि पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर ड्रायव्हरला चहासाठी थांबायचेच असते. त्याने आधी गाडीभोवती एक फेरी मारावी, दोर चाचपावा, सैल असेल तर आवळावा, आणि मग चहा प्यावा. या फेरीला पाच मिनिटे लागतात.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)